टायगरांचा चौमासा

सोम. १७ जून ९६

टँक पोचला. फुटला नाही. हातगाडीवर सतरंजीत गुंडाळून आणला, चौटा बाजारातल्या प्रत्येक खड्ड्याला अशोक एका बाजूने धरून. मी मागून रिक्षात, मांडीवर माशांच्या पिशव्या. टेलिफोन एक्सचेंजमधल्या मीनाबेनची बडोद्याला बदली झाली. तिने सगळंच दिलं. टँक, पंप, खडी, मासे. दोन एंजल, एक निळसर सुस्त गुरामी, चार टायगर. टायगर म्हणजे बोटभर मासे, अंगावर काळे पट्टे.

मोठी धास्ती लाकडी माळ्याची. तीन फुटी टँक आणि वर पाण्याचं वजन. अशोकने स्टँड बरोब्बर तुळईवर घेतला. तो पाणी ओतत होता आणि मी जमिनीला कान लावून. करकरलं नाही. हुश्श.

मग बा वर आल्या. गुडघे धरत, पायरीपायरीला थांबत. घर त्यांचं. त्या खाली, आम्ही वर भाड्याने. गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला रोज एकदा चढतातच, आणि गच्चीची वाट आमच्या दारावरून. टँककडे बराच वेळ बघितलं. मग हळू आवाजात, "आ खावानां तो नथी ने?"
खायचे नाहीत बा, नुसते बघायला.
"तो सारुं." आणि हसल्या.

अशोक म्हणतो, दिवसभर हॅलो हॅलो करून घरी येतेस नि माझ्याशी बोलत नाहीस, आता माशांशी बोल. त्याला काय सांगू. घरात न बोलणारं असं काहीतरीच हवं होतं मला. हेडफोन काढला तरी कानात माणसं बोलतच राहतात.

शुक्र. २१ जून

एंजलची शेपटी फाटली आहे. दोन्हींची. पतंगाच्या कागदासारखे लांब पंख होते, आता कडा कुरतडल्यासारख्या. रोग असेल म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ घातलं. मीनाबेन घालायची म्हणे.

रवि. २३ जून

सुट्टी. विहारातून वंदना आटपून आलो आणि मी टँकसमोरच बसले. रोग नाही. टायगर. चौघं टोळीने येतात, एंजलच्या मागून लचका तोडतात आणि साळसूद चेहऱ्याने पुढे निघून जातात. त्यातला एक सगळ्यांत जाड, डाव्या अंगाला एक खवला नाही. सगळी सुरुवात तो करतो. त्याला मुकादम नाव ठेवलं. बिचारा गुरामी पंपाच्या नळीमागे तोंड घालून उभा. खायलासुद्धा बाहेर येत नाही.

अशोक : जाऊ दे ना, मासाच शे तो.

गावची बोली आली तोंडात की समजायचं, त्याला झोप हवी आहे.

मंगळ. २५ जून

वाईट झालं.

ड्यूटीवरून आले तर बा आमच्या दारात उभ्या. टाकी बघायला चढल्या होत्या. अशोक मिलमध्ये पाळीवर. दार आम्ही अर्धवट उघडं ठेवतो, माशांना उजेड मिळावा म्हणून. गुरामी मेला होता आणि चौघं टायगर त्याचे डोळे...

बांचा हात दाराच्या चौकटीवर. म्हणाल्या, "एकबीजाने खाय छे?"
एकमेकांना खातात का. मी घाईने टँकच्या आड जाऊन उभी राहिले.
"सुनंदा, मारा घरमां आ नहीं चाले."

मग उतरायला लागल्या. मधल्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता, "चोमासुं बेसे ए पहेलां कंईक नक्की करो."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आवाज अगदी शांत होता.

गुरामी कागदात गुंडाळला. कुठे टाकू ते कळेना. शेवटी परसातल्या तुळशीपासून लांब, भिंतीकडेला पुरला. बा खिडकीतून बघत होत्या.

बुध. २६ जून

रात्री अशोक घरी आल्यावर सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. चौमासा बसायच्या आत नक्की करा, असंच म्हणाल्या? असंच. मग ती नोटीसच झाली, म्हणाला.

मलाही तेच वाटतंय.

दोन वर्षांपूर्वी लग्न करून इथे सुरतेला आले तेव्हा किती घरं बघितली. गोपीपुऱ्यात तर कुणी उभं करत नव्हतं. एक्सचेंजला चालत जाता येईल म्हणून मीच हट्टाने फिरत होते. सगळीकडे पहिला प्रश्न आडनाव. बांनी नाही विचारलं. त्यांनी आमच्या पिशवीतून डोकावणारी बुद्धाची छोटी मूर्ती बघितली आणि म्हणाल्या, अमारा भगवान पण आम ज बेसे छे. बा जैन; आमचे देवही असेच बसतात. बस. अट एकच, घरात मांसमच्छी शिजायची नाही. दोन वर्षांत अंड्याचं टरफलसुद्धा या जिन्याने वर आणलेलं नाही आम्ही. जे काही खायचं ते उधन्याला, अशोकच्या बहिणीकडे.

आणि आता मी त्यांच्या डोक्यावर खाटीकखाना आणून ठेवला.

शनि. २९ जून

बडोद्याला फोन. मीनाबेनला विचारलं, तुझ्याकडे हे टायगर कसे राहत होते ग?
"सारा ज रहेता. बस, दर दोन-तीन महिने नवो गुरामी लाववो पडे."
नवा गुरामी आणावा लागतो, हे आधी सांगायला काय झालं होतं. फोन ठेवून हसले. मग हसू येईना.

संध्याकाळी नानपुऱ्यात माशांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, चारही टायगर काढा आणि गोल्डफिश घ्या. काढलेल्या टायगरांचं काय? तो खांदे उडवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. तिथे एका बरणीत एकच मासा होता, वळायलाही जागा नाही. परत आले. हे टायगर तिथे देऊन टाकले तर बांना काय सांगू, आमच्या घरातलं पाप नानपुऱ्याला पाठवलं?

सोम. १ जुलै

मुकादमाला बादलीत वेगळं ठेवलं. एक दिवस शांतता. आज बघते तर दुसरा टायगर एंजलच्या मागे. अंग रोड, पण तोरा तोच. मुकादम गेला की खुर्चीवर दुसरा बसतो. मुकादमाला परत टँकमध्ये सोडला. बादलीत तो एकटा गोल गोल फिरत होता, तेही बघवेना.

रवि. ७ जुलै

पर्वत पाटियाला घर बघायला गेलो. अशोकच्या मिलमधल्या कुणीतरी सांगितलं होतं. दोन खोल्या, नवी इमारत, खिडकीतून ट्रकांची रांग. मालक बरा वाटला. चहा विचारला. मग म्हणाला, कौन लोग हो आप?
अशोकने सरळ सांगितलं. तो कधीच लपवत नाही.
"अच्छा अच्छा. घरवाली से पूछके बताता हूँ."
चहा आला नाही.

शटल रिक्षाने परत. घरी आल्यावर अशोकने शर्टसुद्धा न बदलता टँकचं पाणी बदलायला घेतलं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला औषधाचा एवढा वास येतो की आदल्या दिवशी बादल्या भरून उघड्या ठेवाव्या लागतात. तो मगाने थोडं थोडं ओतत होता, माशांना धक्का लागू नये म्हणून. मी बघत राहिले. याला मासे आवडायला लागलेत. कबूल करणार नाही.

मंगळ. ९ जुलै

अशोकने काच कापून आणली. टँकच्या मधोमध उभी लावली. इकडे एंजल, तिकडे टायगर. आता कुणी कुणाला चावू शकत नाही. दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट जेवले.

शुक्र. १२ जुलै

बा आल्या. एवढ्या दिवसांत दारावरून जाताना नजर वळवत होत्या, आज थांबल्या. मी उत्साहाने काच दाखवली. बघा बा, आता मारामारी नाही.

टायगर काचेवर नाक आपटत होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच करतात. मुकादमाच्या ओठाला पांढरं झालंय. पलीकडे एंजल कोपऱ्यात, काचेपासून लांब, आडव्या होऊन.

"आ तो जेल थई गई," बा म्हणाल्या. जरा थांबून, "मारतां नथी. पण मन तो एनुं ए ज ने."

मारत नाहीत, पण मन तेच. बरोबर आहे त्यांचं. मला आधीच दिसत होतं, पण आपण लावलेली काच आपल्याला चांगलीच वाटते.

शनि. १३ जुलै

आज कलकत्त्याची काजलदी लाइनवर होती. ही तिकडची ऑपरेटर. दोन वर्षं बोलतोय, तोंड बघितलेलं नाही. हल्ली सगळे एसटीडीने परभारे लावतात, बोर्डावर दिवे कमीच लागतात. मग आम्हाला बोलायला वेळ. तिचा भाऊ मासे वाढवतो हे मला माहीत होतं, आणि विचारायचं सुचलं नव्हतं. एवढे दिवस. धन्य.

सगळं ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "टाइगर कितना है?"
चार.
"चार से क्या होगा दीदी. दस रखो."
मला वाटलं लाइन खराब आहे. परत विचारलं.
"दस. ये झुंड का मछली है. झुंड छोटा होगा तो बाहरवाले को मारेगा. बड़ा होगा तो आपस में ही लगा रहेगा, किसी और के लिए फुरसत नहीं."
आणि काच काढा, म्हणाली. नवे मासे सोडायच्या आधी दगड, झाडं सगळं हलवा, म्हणजे जुन्यांनाही जागा नवी वाटेल. दिवा बंद करून सोडा. पाला दाट लावा, समोरचा दिसला नाही की पाठलाग सुटतो.
आणि एंजल?
"एंजल भारी पड़ जाए तो भी मत घबराना." यावर हसली. तेवढ्यात कॉल आला, तुटलं.

रवि. १४ जुलै

अशोकला सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.
"म्हणजे चार भांडखोर आवरत नाहीत म्हणून अजून सहा आणायचे?"
हो.
"नि बांना काय सांगायचं?"
हाच तर प्रश्न. चौमासा पंधरवड्यावर. त्याआधी आणखी एक मासा जरी मेला तर बांसमोर उभं राहायला तोंड नाही. आणि हे एक करून बघायचं राहिलंय.

शेवटी तोच म्हणाला, कलकत्तावाली खोटं कशाला सांगेल. कर.

मंगळ. १६ जुलै

केलं.

सुट्टी टाकली. नानपुऱ्याहून सहा टायगर, दोन जुड्या पाला. दुकानदार म्हणाला, मैंने तो निकालने को बोला था. मी म्हटलं, हो. पिशव्या टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, तेवढ्यात दगड सगळे उलटेपालटे केले, पाला तीन ठिकाणी खोचला, काच काढली. दिवा बंद. सोडले.

खिडकीतला उजेड होता तेवढ्यात दिसलं ते एवढंच, की मुकादम आपला जुना दगड शोधतोय. होता तिथे नाही. भांबावला.

मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापत बसले. बघायची हिंमत नव्हती.

बुध. १७ जुलै

पळापळ. दिवसभर नुसती पळापळ. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी बघितलं, आल्यावर बघितलं. दहा टायगर एकमेकांच्या मागे. मुकादम एकाला हाकलतो, तोवर दुसरा त्याच्या जागी. तिकडे वळला तर तिसरा. पण चावा नाही, नुसता दम. पंख ताठ करून समोरासमोर उभं राहायचं आणि निघून जायचं.

आणि एंजल पाल्याशी उभ्या. कुणी विचारत नाही त्यांना. आज दोघी मधल्या पाण्यात आल्या. खाल्लं.

मेलेला एकही नाही. दोनदा मोजले.

शनि. २० जुलै

आजचं नीट लिहून ठेवते.

अशोक रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेला. मी एक्सचेंजला. दुपारी बा टाकी बघायला चढल्या आणि दारातून त्यांना काहीतरी चमकलेलं दिसलं. फरशीवर. टायगर. नव्यांपैकी एक, पळताना उडी मारून बाहेर पडलेला. आमच्या टँकला झाकण नाही.

बांनी हाक मारली. अशोकला रात्रपाळीनंतर ढोल वाजवले तरी ऐकू येत नाही.

मग त्यांनी स्वतःच उचलला. पदर ओला करून, खाली बसून. गुडघे असे की त्यांना खाली बसता येत नाही, देरासरात, त्यांच्या मंदिरातसुद्धा खुर्चीवर बसतात. बसल्या. पदरात धरला आणि टँकमध्ये सोडला. मग उठता येईना. अशोक जागा होऊन बाहेर आला तेव्हा बा टँकच्या स्टँडला टेकून फरशीवरच बसलेल्या, नजर पाण्यावर.

त्याने उठवायला हात दिला तर म्हणाल्या, "ऊभो रहे. ए तरे छे के नहीं ए जोवा दे." पोहतोय का ते बघू दे आधी.

तो पोहला. एका अंगावर कलंडत, मग सरळ.

संध्याकाळी मी आले तर मला तळहात दाखवला, जणू अजून काही आहे त्यात. "हाथमां धबक धबक थतुं हतुं, सुनंदा. आटलो नानो जीव. केटलुं जोर."

एवढासा जीव, केवढा जोर. जन्मात पहिल्यांदा मासा हातात धरला त्यांनी. सत्तरीच्या पुढे.

रवि. २१ जुलै

अशोकने मिलमधून बाद झालेली छपाईची चौकट आणली. साड्यांवर नक्षी छापायची, बारीक जाळी ताणलेली. टँकवर तंतोतंत बसली. जाळीतून एका कोयरीची पुसट निळी खूण दिसते. छान दिसते.

पडलेल्या माशाच्या अंगाला थोडं खरचटलंय. खातो आहे.

गुरु. २५ जुलै

टँक शांत. चौमासा तीन-चार दिवसांवर. बा रोज येतात, स्टुलावर बसतात, जातात. घराचं काही बोलत नाहीत. मीही नाही. अशोक म्हणतो, विचारून टाक, टांगलेलं नको. मी म्हणते, विचारलं आणि हो म्हणाल्या तर?

कालच उधन्याच्या नणंदेने निरोप पाठवला, त्यांच्या चाळीत एक खोली रिकामी होतेय म्हणून. मोरी बाहेर. एक्सचेंजला दोन बस. हो कळवावं की नाही?

रवि. २८ जुलै

विचारलं.

बा खाली ओट्यावर मूग निवडत होत्या. समोर जाऊन बसले. मूग हातात घेतले, म्हणजे हातांना काम. म्हटलं, बा, तुम्ही सांगितलं होतं चौमासा बसायच्या आत नक्की करा. आम्ही उधन्याला एक खोली बघितली आहे. थोडा वेळ द्याल तर—
"कई खोली?"
राहायला.
"केम?"
घर सोडायचं ना. तुम्ही म्हणालात तसं.

बा माझ्याकडे बघत राहिल्या. मूग हातातच. मग, "घरनी वात कोणे करी?" घराची गोष्ट कुणी काढली?

 त्याच म्हणाल्या, मी माशांचं म्हणत होते. चौमाशात सामायिकाला, ध्यानाला बसायचं, माळ ओढायची, आणि वर ते एकमेकांना मारतात हे डोक्यात राहिलं तर मन कसं लागणार. म्हणून म्हटलं, त्याआधी त्यांचं काहीतरी करा. एवढंच.

"घर खाली कराव्युं होत तो हुं मोढे कहेत. दादरेथी कहुं?" घर रिकामं करायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं, जिन्यातून सांगेन का?

मग माझा हात धरून, "गांडी छे तुं." वेडी आहेस तू.

वर आले. अशोक जेवत होता. सांगितलं. घास हातात तसाच. मग हसायला लागला, इतका, की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मी पण. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी कसलं होतं ते राहू दे.

गुरु. १ ऑगस्ट

सकाळी उठले आणि आधी आठवेना की आज काय हलकं वाटतंय. मग आठवलं.

अशोक परवा म्हणाला ते मनातून जात नाही. आपली बांधाबांध मनातल्या मनात कायम झालेली असते, म्हणाला. कुणी नुसतं दार वाजवलं तरी आपण पेटीला हात घालतो. पर्वत पाटियाचा तो चहा न आणणारा, त्याच्या आधीचे सगळे, त्यांचं ऐकून ऐकून कान असे झालेत की बांचंही बोलणं त्यांच्याच आवाजात ऐकू आलं.

कान हा माझा धंदा. तरी हे.

उधन्याला कळवलं, खोली नको.

रवि. ११ ऑगस्ट

एंजलच्या शेपटीला नवे पंख फुटताहेत. पारदर्शक, कडेने पांढुरके. मुकादम आजकाल कळपाच्या मधोमध असतो. पुढे कुणी दुसराच. मुकादमाच्या तोंडावर काही दुःख दिसत नाही.

काजलदीला सांगितलं. म्हणाली, "देखा?" तिच्या भावाला माझा नमस्कार कळवायला सांगितला. तो म्हणे विचारत होता, सूरत में मछली को पानी कैसा मिलता है. म्हटलं, औषधाच्या वासाचं, पण रोज मिळतं.

शनि. २४ ऑगस्ट

वीज गेली ती चार तास नाही. पंप बंद. अशोक आणि मी आळीपाळीने मगाने पाणी उपसून उंचावरून परत टँकमध्ये ओतत बसलो, हवा मिसळावी म्हणून. खालून बा ओरडून विचारत, "श्वास ले छे ने?" घेतायत बा. वीज आली. सगळे धड. हात मात्र खांद्यातून निखळायला आलेत.

सोम. ९ सप्टें.

पर्युषण सुरू. बांचा उपास, नुसतं उकळलेलं पाणी. जिना चढणं बंद, मीच शपथ घातली. टाकी मी बघते. रोज सूर्य मावळायच्या आत खाली जाऊन माशांची खबर द्यायची. नाही गेले तर हाक येते. आज म्हणाल्या, मोटो शुं करे छे? मोठा म्हणजे मुकादम. त्यांच्या तोंडी तो मोठा झाला हेही बरंच.

मंगळ. १७ सप्टें.

काल संवत्सरी झाली. आज पारणं करून बा वर आल्या. बारीक झाल्यात, पण चेहरा लख्ख. मला आणि अशोकला हात जोडून मिच्छामि दुक्कडम, म्हणजे वर्षभरातलं चुकलंमाकलं माफ करा. अशोक एकदम अवघडला, वाकून पायाच पडला. मग त्या टँककडे वळल्या आणि तसेच हात जोडले. मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत. डोळे मिटून पुरतं म्हटलं, मग स्टुलावर बसल्या.

मी चहा टाकला. माझ्या हातचा पहिल्यांदाच घेतला त्यांनी. एवढे दिवस मी विचारलं नव्हतं, त्यांनी मागितला नव्हता.

रवि. २२ सप्टें.

एंजल विचित्र वागताहेत. दोघी पंपाच्या नळीला चिकटून. तोंडाने नळी घासतात, आळीपाळीने, भांडी घासावी तशी. टायगर जवळ आला की अंगावर जातात. आज मुकादमाला असं हाणलं की तो पाल्यात घुसला तो दुपारपर्यंत बाहेर नाही.

मीनाबेन दोन्ही माद्या म्हणाली होती. मीही दोघी दोघी म्हणत आले.

गुरु. २६ सप्टें.

अंडी.

नळीवर, ओळीने, खसखशीएवढी. आता नर कोण, मादी कोण ते कळलं. एक जण शेपटीने वारा घालते आहे, दुसरा पहाऱ्याला. दहाच्या दहा टायगर वरच्या एका कोपऱ्यात गच्च, पाण्याच्या कडेला, जणू बस चुकलेली माणसं. एकाच्या शेपटीचा तुकडा गेलाय. आता एंजल मारताहेत.

काजलदी दुपारी लाइनवर भेटली. म्हणाली, टायगर दुसरीकडे हलवा, नाही तर अंडी खातील. हलवले तरी पहिली खेप आहे, घाबरून आईबापच खातात कधी कधी. काही सांगता येत नाही. मग, "मैंने बोला था न, एंजल भारी पड़ेगा."

घरी दुसरा टँक नाही. अशोक म्हणतो, उधन्याला बहिणीकडे सिमेंटची टाकी आहे, रविवारी बघू. रविवारपर्यंत काय?

काही अंडी पांढरी पडलीत. बाकीची अजून पारदर्शक.

दिवेलागणीला बा चढून आल्या. मी भीत भीत सांगितलं की आता या मारतात. टायगरची शेपटी दाखवली. वाटलं, पुन्हा तेच ऐकावं लागणार. त्या नाक काचेला टेकवून किती तरी वेळ बघत होत्या.

"एने वढती नहीं," म्हणाल्या. "मा छे." तिला रागावू नकोस, आई आहे.
आणि टायगर, बा?
"एने पण बचाव." त्यालाही वाचव.
कसं?
"ए तने खबर." ते तुलाच ठाऊक.

अशोक भिंतीला टेकून हसतोय. त्याला काय होतंय हसायला.

मी टँकचा दिवा मालवायला उठले. बा म्हणाल्या, नको मालवू, अंधारात तिला अंडी दिसायची नाहीत. लगेच म्हणाल्या, नाही, मालव, थकली असेल, झोपू दे.  पंपाचा आवाज तेवढा. मी बटणावर हात ठेवून उभी, आणि बा अजून ठरवताहेत.